गवताला कागदावर रकानाच नाही: राज्यभराचा बारकाईचा वनस्पती-नकाशा हवा की नको?

माळफिरस्ता

गेल्या आठवड्यात सुप्याच्या बाजूला एका माळावर गेलो होतो. मागच्या वर्षी तिथं गुडघाभर पवना गवत उभं होतं. या वेळी पाहतो तर उताराला आडवे समतल चर, मुरमाचे ढीग आणि दर दोन पावलांवर गिरिपुष्पाचं रोप. सोबत एक मेंढपाळ आबा होते. त्यांनी चरातून उपटून पडलेला गवताचा ठोंब उचलला, मुळं झटकली आणि म्हणाले, "ह्यो पवना. मेंढरं आधी ह्यालाच तोंड लावत्यात. आता हितं कुसळ माजंल, लोकरीत घुसंल, तोंडात रुतंल." त्या माळावर मातीचा थर वीतभरही नाही, खाली सगळा मुरूम. गवताची मुळं त्यात तग धरतात. रोपं दुसरा उन्हाळा बघतील असं मला वाटत नाही.

खड्डे घेणाऱ्या माणसावर माझा राग नाही. त्याच्या हातातल्या कागदावर ती जमीन 'पडीक' आहे. २०१६ ला राज्यात २ कोटी झाडांचं लक्ष्य होतं, मग ४, मग १३ आणि २०१९ ला ३३ कोटी. एवढ्या झाडांना जागा शोधायला निघालं की पहिली नजर मोकळ्या माळावरच जाते.

देशाच्या वन अहवालात एक हेक्टरपेक्षा मोठ्या जागेवर झाडांची सावली १० टक्क्यांहून जास्त असली की ते वनाच्छादन धरतात. झाड कुठलं, मालक कोण, हे बघत नाहीत. त्यामुळे कोकणातली आंब्याची दाट बाग त्या हिरव्या रंगात येते आणि लांडगा, खोकड, चिंकारा, धाविक जिथं जगतात तो माळ मात्र हिशेबाबाहेर राहतो. धाविक पक्षी अंडी घालतो ती उघड्या जमिनीवर, लेंड्या नि खड्यांच्या मधे. तिथं चर खणला की त्याचा तो हंगाम गेला.

म्हणून माझं म्हणणं असं की राज्याचा नवा नकाशा करा आणि त्यात 'जंगल' आणि 'बिगरजंगल' एवढ्यावर थांबू नका. पवना-मारवेलीचा माळ कुठे, बोर-हिवराचं खुरटं रान कुठे, सागाची पानगळ कुठे, कारवीचा उतार, कोकणातला सडा म्हणजे कातळपठार, देवराई, खाडीकाठची कांदळवनं, सगळं वेगळं दाखवा. झाडं लावायला, सौर प्रकल्पाला, रस्त्याला जागा ठरवायची ती हा नकाशा समोर ठेवूनच.

कोरडवाहू

तुमची तळमळ खरी आहे, पण नकाशा म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. मी करमाळा तालुक्यातला. १९७९ ला माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य जाहीर झालं ते ८,४९६ चौरस किलोमीटरचं. सोलापूर आणि नगर, दोन जिल्ह्यांतले तालुके त्यात गेले. घरं, ज्वारीची शेतं, बाजारपेठा, सगळं अभयारण्य! बहिणीच्या लग्नाला वडिलांना दोन एकर विकायची होती. खरेदीखत वर्षभर लटकलं, शेवटी सावकाराकडून पैसे काढले. २०१२ च्या सुमारास क्षेत्र १,२२२ वर आणलं. तोवर आमची एक पिढी कचेरीच्या पायऱ्या झिजवत होती. आणि माळढोक वाचला का? अभयारण्यातल्या नान्नजला आता एखादा दिसला तर पेपरात बातमी होते.

माळफिरस्ता

दादा, तुमच्या घरावर जे आलं ते वाचून वाईट वाटलं. पण ते घडलं कशामुळे ते बघा. १९७९ ला गवत नेमकं कुठे आहे हे कुणी मोजलंच नव्हतं. माळढोक ज्या तालुक्यांत दिसतो ते तालुकेच्या तालुके आखून टाकले. तुमची ज्वारी आणि शेजारचं कुरण कागदावर एकच झालं. आम्ही मागतो तो नकाशा त्या दोन्हींत फरक करणारा आहे.

कोरडवाहू

फरक तुम्ही कराल. तलाठ्याच्या टेबलावर तो नकाशा पोचला की काय होईल? ठाणे-रायगडकडच्या लोकांना विचारा. खाजगी वनं सरकारकडे घेणारा १९७५ चा कायदा. किती जणांना सातबारा काढल्यावर कळलं की इतर हक्कात 'खाजगी वन' लिहून बसलंय. आपल्याकडे नोंद एका दिवसात चढते, उतरवायला आयुष्य जातं. माझ्या पोटखराब्यात, म्हणजे लागवडीला न येणाऱ्या तुकड्यात, गवत उत्तम आहे, मी ते राखतो, बैलांना कापतो. उद्या तुमच्या नकाशात तो तुकडा 'महत्त्वाचा माळ' म्हणून रंगला, तर राखल्याची शिक्षा मला. शेजाऱ्याने नांगरून टाकलं, तो सुटला. मग पुढच्या वर्षी मीही नांगर घालीन. खरं सांगतो, घालीन.

झाडीपट्टी

पूर्व विदर्भातून लिहितोय. आमच्याकडे हा वाद एका शब्दावर चाललाय, 'झुडपी जंगल'. जुन्या मध्य प्रांताच्या महसुली दप्तरातली नोंद, नागपूर विभागाच्या सहा जिल्ह्यांत. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की या जमिनी वनच आहेत. सुमारे ८६ हजार हेक्टर. १२ डिसेंबर १९९६ च्या आधी ज्यांना रीतसर दिल्या गेल्या त्यांच्यासाठी वाट ठेवली आहे, पण त्यालाही केंद्राची परवानगी लागते.

आता या ८६ हजार हेक्टरांत काय आहे? एका ठिकाणी शाळा आणि वस्ती. दुसऱ्या ठिकाणी खरंच पळस, बोर, करवंद, त्यात रानडुक्कर आणि वाटेने जाणारा वाघसुद्धा. तिसऱ्या ठिकाणी नुसता मुरूम. नोंद तिघांची एकच. कोरडवाहूंची भीती मला पटते, पण नकाशा नसतानाही आमच्या डोक्यावर शब्द बसलेलाच आहे, तोही शंभर वर्षं जुना. जमिनीवर उभं राहून केलेला नकाशा हाती असता तर शाळेचं प्रकरण एका बाजूला आणि पळसाचं रान दुसऱ्या बाजूला असं गावालाच दाखवता आलं असतं.

आकडेमोड

मी उपग्रह-चित्रांवर काम करतो. माळफिरस्तांना वाटतं तेवढं हे सोपं नाही. पवन्याचा माळ आणि तीन-चार वर्षं पडून असलेलं शेत वरून जवळपास सारखं दिसतं. भाद्रपदात दोन्ही हिरवी, मार्गशीर्षात दोन्ही पिवळी. दहा मीटरचं चित्र दर पाच दिवसांनी फुकट मिळतं, त्यावरून हिरवेपणा कधी चढला, कधी उतरला याचा आलेख काढता येतो. बागायत आणि रब्बीची ज्वारी त्यातून वेगळी निघते. पण जुनं पडीक शेत आणि मूळचं कुरण? तिथं माणूस गुडघ्यावर बसून, जमिनीचा ठरावीक मापाचा तुकडा आखून (त्याला आम्ही चौकट टाकणं म्हणतो) गवत ओळखेल तेव्हाच.

एट्री या बंगळुरूच्या संशोधन संस्थेतल्या लोकांनी देशाच्या कोरड्या पट्ट्यातल्या खुल्या नैसर्गिक परिसंस्थांचा, म्हणजे माळ, खुरटं रान अशा मोकळ्या मुलखाचा, नकाशा केला आहे. त्यांच्या हिशेबाने असा मुलूख सुमारे ३ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे देशाच्या दहाव्या हिश्श्याएवढा, आणि संरक्षित त्यातला ५ टक्क्यांहूनही कमी. सुरुवात म्हणून फार मोलाचं काम आहे. पण तो कुठे मोकळी परिसंस्था आहे एवढंच सांगतो. पवना की कुसळ, हे नाही.

माझी खरी काळजी घाईची आहे. लोकजैवविविधता नोंदवह्या आठवा, गावोगावच्या वनस्पती-प्राण्यांची नोंद ठेवणाऱ्या. हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत दिली आणि शेवटच्या महिन्यांत धावपळ झाली. आमच्या भागातल्या दोन गावांच्या वह्या मी शेजारी ठेवून वाचल्या. वनस्पतींची यादी शब्दशः एक, चुकलेलं स्पेलिंगसुद्धा. एक गाव नदीकाठचं, दुसरं खडकाळ पठारावरचं. असा नकाशा होणार असेल तर तो नसलेला बरा, कारण चुकीच्या नकाशाला न्यायालयात पुरावा म्हणून वजन येतं.

सॅक्रामेंटोकर

मी मूळचा बार्शीचा, बरीच वर्षं कॅलिफोर्नियात आहे. इथं हे काम चालू आहे म्हणून लिहितो. २००६ ला राज्याने कायदा करून वन्यजीव खात्याला वनस्पती-नकाशाचं प्रमाण ठरवायला सांगितलं. त्याच्याही आधी, १९९५ ला, राज्यातल्या वनस्पती-समूहांची सूची ग्रंथरूपात आली होती, २००९ ला तिची दुसरी आवृत्ती. म्हणजे आधी नावं ठरली, मग रंग भरले. माणसं रानात जाऊन ठरावीक तुकड्यात कुठली झाडंझुडपं किती टक्के हे लिहितात. त्यावरून समूह ठरतात, मग हवाई छायाचित्रावर सीमा आखतात आणि शेवटी नकाशा घेऊन पुन्हा रानात जातात, किती बरोबर आलं ते तपासायला. किती चुकलं ते अहवालात छापतात. आकडेमोडांना हवंय ते हेच असावं.

मोजावे वाळवंटात सौर प्रकल्पांची रांग लागली तेव्हा हे काम उपयोगी पडलं. तिथं असे बारकाईचे नकाशे करून घेतले आणि २०१६ च्या आराखड्यात प्रकल्प कुठे आणि राखायचं कुठे ते ठरवलं. आपल्या माळावर आज तोच प्रश्न उभा आहे. पण हेही खरं की इथं सगळं राज्य एका झटक्यात झालं नाही. तुकड्यातुकड्यांनी होतंय, वर्षानुवर्षं. आणि आपल्याकडे जमिनीवर जेवढी माणसं जगतात तेवढी मोजाव्यात नाहीत. कोरडवाहूंच्या प्रश्नाला माझ्याकडे इथलं उत्तर नाही.

वाड्यावरची

मी धनगराची मुलगी, फलटणकडची. आमचा वाडा, म्हणजे मेंढरांसह फिरणारा बिऱ्हाडांचा तांडा, दिवाळीनंतर कोकणात उतरतो, पावसाच्या तोंडाला परत येतो. वरच्या सगळ्या चर्चेत माळ म्हणजे एक जागा. आम्हाला तो महिना आहे. आषाढात एका माळावर मेंढरं घालतात, दुसरा दसऱ्यापर्यंत सोडून ठेवतात, बी पडू देतात. माझी आजी ठोंब बघून सांगते की गेल्या वर्षी इथं कुणी लवकर चारलं. नकाशात हे कुठल्या रंगात दाखवणार?

गवत वाचावं असं आमच्याइतकं कुणाला वाटत नसेल. पण गवत 'महत्त्वाचं' ठरलं की पहिली तारेची जाळी आमच्यासमोर येते, हे दोनदा पाहिलंय. दोन्ही वेळा जाळीच्या आत चराई थांबली, गवत वाढून जाड झालं, वाळलं आणि वणव्यात गेलं.

माळफिरस्ता

ताई, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. आबा बोलत होते तेव्हा मी फक्त गवताची नावं लिहून घेतली. कुठल्या महिन्यात ते कुठल्या माळावर असतात हे विचारलंच नाही. नकाशा हवाच, यावर मी ठाम आहे. पण प्रत्येक तुकड्यापुढे 'कोण चारतं, कधी' हा रकाना पहिल्या दिवसापासून पाहिजे. आमचा पाच-सहा जणांचा गट भाद्रपदात सुप्याकडचा एक माळ चौकटी टाकून नोंदवणार आहे. तुमच्या आजी येतील का?

वाड्यावरची

भाद्रपदात वाडा घराकडेच असतो. विचारते. पण ती चालत येणार आणि मेंढरं घेऊन येणार.

कोरडवाहू

मीही येतो. पण माझी अट लिहून ठेवा. ज्याच्या जमिनीच्या गट नंबरात तुमची चौकट पडेल त्याला तो कागद आधी दाखवायचा, ग्रामसभेत वाचायचा, आणि गवत राखणाऱ्याला त्यातून काय मिळणार ते त्याच कागदावर असलं पाहिजे. तो रकाना कोरा राहिला तर मी सही करणार नाही आणि गावालाही करू देणार नाही.