बोल्टचा नंबर जुळत नाही: रायफल बाद, की गेज पास तर पास?

कानसवाला
मत मांडतो, मग खुशाल झोडा. थ्री नॉट थ्रीच्या ली-एनफिल्ड या जुन्या ब्रिटिश रायफलीवर बोल्टचा (काडतूस आत ढकलून मागून कोंडणारा सरकता भाग) नंबर रिसीव्हरशी (बोल्ट ज्यात सरकतो ते धड) जुळला नाही की लोक ती बाटल्यासारखी बाजूला ठेवतात. मला हे निव्वळ सोवळं वाटतं. नंबर म्हणजे लोखंडावरचा ठसा, मोजमाप नव्हे. प्रश्न हेडस्पेसचा आहे: बोल्ट पूर्ण बंद झाल्यावर काडतुसाच्या रिमला, म्हणजे बुडाच्या कडेला, किती जागा उरते. ब्रिटिश लष्करी मापाने ०.०६४ इंचाच्या गेजवर (काडतुसाच्या जागी घालायचं मापक) बोल्ट बंद झाला पाहिजे आणि ०.०७४ च्या गेजवर होता कामा नये. तेही बोटाच्या हलक्या दाबाने. दांडा रेटून बंद केलात तर कुठलंही गेज हवं ते उत्तर देईल. माझ्या 'नंबर ४ मार्क १' मॉडेलच्या ली-एनफिल्डला परका बोल्ट आहे आणि तो दोन्ही गेजच्या परीक्षेत पास आहे. माझ्यापुरता विषय संपला.

जुना फिटर
असहमत. गेज फक्त लांबी सांगतं, धक्का कोण झेलतंय ते सांगत नाही. या रायफलीचे लग, म्हणजे रिसीव्हरमध्ये अडकून धक्का झेलणारे उंचवटे, बोल्टच्या मागच्या भागात असतात: एका बाजूला आखूड लग, दुसऱ्या बाजूला लांब रिब. दोन्ही एकाच वेळी टेकायला हवेत. कारखान्यात ते तसे बसवून घेत आणि मग दांड्यामागे रिसीव्हरचा नंबर मारत. परक्या बोल्टची एकच बाजू टेकत असली तरी तुमचं गेज पास होणार, कारण लांबी धरायला एक बाजू पुरते.

रायफल रिकामी असल्याची खात्री करा, लगच्या मागच्या तोंडाला मार्किंग ब्ल्यूचा (कुठे घासतंय ते दाखवणारा निळा रंग) पातळ हात द्या, बोल्ट मागे दाबून धरत चार-पाच वेळा उघडा-मिटा. निळा रंग दोन्हीकडे पुसला गेला तर मी शब्द मागे घेईन.

नळीबहाद्दर
फिटरकाका, नंबरवर इतकी श्रद्धा नको. दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत डेपोंनी त्यांच्या मोसिन-नागांत रायफली सरसकट दुरुस्त केल्या, बोल्टवरचे जुने नंबर खोडून नवे मारले. जुळणारा नंबर दिसला म्हणून ती जन्मापासूनची जोडी ठरत नाही.

जुना फिटर
मान्य, म्हणूनच ब्ल्यू लावा म्हणतोय. मी नंबरची पूजा करा असं कुठे म्हटलं?

पुंगळीवाला
दोघेही पोलादावरून भांडताय, फुटते काडतुसाची पितळी पुंगळी. हेडस्पेस सैल असेल तर पुंगळी पुढच्या बाजूने चेंबरला (नळीतली काडतूस बसण्याची जागा) चिकटते, बूड मागे सरकतं आणि बुडाच्या जरा वर भिंत ताणून पातळ होते. बाहेरून तिथे चकचकीत कडं दिसतं. तारेचं टोक वाकवून आतून फिरवलं तर तिथे खोबण हाताला लागते. अशी पुंगळी पुन्हा भरू नका. चांगल्या पुंगळ्या पुन्हा भरतानाही फक्त मान (गोळी धरणारं टोक) साइझ केली म्हणजे मापात आणली, खांदा (मानेखालचा उतार) मागे ढकलला नाही, तर पुढच्या बाराला हा ताण बराच कमी होतो.

अवांतर: नंबर ४ चे बोल्ट हेड (बोल्टच्या पुढचा सुटा तुकडा) ० ते ३ आकड्यांचे येतात, आकडा वाढला की लांबी वाढते. पण सगळे हेड मायक्रोमीटरखाली सारखे निघतील या भरवशावर राहू नका. मोजा आणि मग लावा.

भिंतीवरच बरी
माझं मत कुणाला आवडणार नाही. जुन्या बोल्टशी खेळूच नये. कॅनडाच्या रॉस मार्क ३ रायफलीचा बोल्ट खोलून चुकीचा जोडला तरी तो आत जायचा, बंद व्हायचा, बारही उडायचा. फक्त लग अडकायचे नाहीत आणि बोल्ट थेट बार काढणाऱ्याच्या तोंडावर यायचा. १९१६ मध्ये आघाडीवरच्या कॅनेडियन सैन्याच्या हातात ली-एनफिल्ड आली. लष्करात आर्मरर (शस्त्रं दुरुस्त करणारा) होता, आपल्याकडे व्हिडिओ आहेत.

नळीबहाद्दर
रॉसचं पाप ली-एनफिल्डच्या माथी कशाला? तो दांडा न फिरवता सरळ मागे ओढायचा बोल्ट होता, यंत्रणाच वेगळी. भिंतीवर टांगायची असेल तर अवश्य टांगा, पण मग हेडस्पेसच्या धाग्यावर काय काम?

कानसवाला
काल संध्याकाळी फिटरकाकांच्या सांगण्यावरून ब्ल्यू लावला. रिबकडचा रंग लख्ख पुसला गेला, आखूड लगवर जसाच्या तसा. खजील झालोय. आता लॅपिंग पेस्ट (धातू घासणारा लेप) लावून रिबकडची बाजू उतरवू का?

जुना फिटर
थांबा! जितका धातू उतरवाल तितका बोल्ट मागे बसेल, म्हणजे हेडस्पेस वाढेल. आज पास आहे तो उद्या ०.०७४ गिळेल, मग तुम्ही लांब बोल्ट हेड शोधत फिराल. शिवाय लगचा कडकपणा वरच्या थरात असतो. तो थर घासून गेला की खालचं मऊ लोखंड दर बाराला दबत राहतं. दुसरा बोल्ट मिळवा, पुन्हा ब्ल्यू लावा आणि मग गेज.

कानसवाला
आणि तोवर?

भिंतीवरच बरी
खिळा मी देतो.