बी.ए.-बी.कॉम.ला संगणकाचा वेगळा पेपर हवाच कशाला?

हिशेबनीस: नव्या शैक्षणिक धोरणात कौशल्यासाठी दोन क्रेडिट आली, की बरीच कॉलेजं ‘संगणक परिचय’ घालून मोकळी. रॅम-रॉममधला फरक सांगा, इनपुट साधनांची नावं लिहा. एमएस-सीआयटी करून आलेल्या पोरांना तेच पुन्हा! त्यापेक्षा लेखाकर्माच्या तासालाच जीएसटीआर-2बी (पुरवठादारांनी भरलेल्या बिलांवरून जीएसटी पोर्टल बनवतं ते पत्रक) आणि खरेदी रजिस्टर एक्सेलमध्ये जुळवायला द्या. व्हीलुकअप या शोधायच्या सूत्राचा चौथा भाग गाळला की एक्सेल जवळपासची जुळणी धरतं आणि बिनबोभाट भलतीच रक्कम आणून ठेवतं. तिथे फॉल्स लिहायचं, म्हणजे तंतोतंत जुळणीच धरतं. तरी एन/ए, म्हणजे ‘सापडलं नाही’, आलं तर बिल क्रमांकामागची रिकामी जागा ट्रिम या सूत्राने काढायची.

लॅब नंबर दोन: नुसत्या बिल क्रमांकावर शोधलंत तर दोन पुरवठादारांची 101 नंबरची बिलं एकच समजली जातील. आधी जीएसटीआयएन (पुरवठादाराचा जीएसटी क्रमांक) आणि बिल क्रमांक जोडून एक रकाना करा. आता मूळ मुद्दा. ‘विषयातच घाला’ म्हणजे कुणीच शिकवणार नाही. प्रात्यक्षिकाची दोन क्रेडिट म्हणजे 60 तास, 15 आठवड्यांत आठवड्याला 4. मुलं 120 आणि मशीन 30 असतील तर चार बॅच, म्हणजे लॅब आठवड्याला 16 तास अडकली. पेपर नसेल तर वेळापत्रकात एवढी जागा देतो कोण?

दप्तरखाना: पण त्या 60 तासांत इतिहासाच्या मुलाला पगारपत्रकच करायला लावतात, त्याचं काय? त्याच्या कागदांवर 1818 सालच्या तारखा. एक्सेलची तारीख 1900 पासून सुरू होते, त्याआधीची मजकूर म्हणून बसते. क्रम लावला की 3 जूनच्या आधी 12 नोव्हेंबर येतो. वर्ष, महिना, दिवस असे तीन रकाने केले की प्रश्न मिटला. कृतिदेव या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेल्या नोंदींचीही तीच रड: युनिकोडमध्ये ‘सातारा’ शोधलं तर एकही सापडत नाही. हे संगणकाच्या मास्तरांना सुचणार नाही, आम्हालाच सांगावं लागणार.

कोडवाला: एक्सेलमध्ये कशाला अडकायचं? सरळ पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवा.

लॅब नंबर दोन: शिकवा की. पण सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने तोडलेला साधा मजकूर) डबल क्लिकने एक्सेलमध्ये उघडली की 0045 चं 45 होतं आणि 15 अंकांपुढच्या खाते क्रमांकाचे शेवटचे अंक शून्य होतात, हे ज्याला ठाऊक नाही तो तीच फाइल सेव्ह करून पायथनला देणार. अंक गेले ते गेलेच. आधी ‘डेटा’ टॅबमधून फाइल आत घेऊन तो रकाना टेक्स्ट ठरवायला शिकवा.

हिशेबनीस: बरं, पेपर ठेवा. लेखी परीक्षा मात्र काढा. 200 ओळींची फाइल, त्यात मुद्दाम पेरलेल्या 10 चुका, वेळ एक तास.

लॅब नंबर दोन: पहिली बॅच बाहेर पडली की दुसऱ्या बॅचच्या व्हॉट्सॲपवर उत्तरं हजर. चार बॅचना चार फाइली लागतील, आणि त्या कॉमर्ससाठी तुम्ही, इतिहासासाठी दप्तरखाना यांनी करून द्यायच्या. आहे तयारी?