विंडोज 10 संपलं म्हणून चांगले चालणारे पीसी भंगारात काढायचे का?

बॅनरवाला_अमळनेर:
राम राम मंडळी. अमळनेरला आपलं डीटीपी, फ्लेक्स आणि लग्नपत्रिकेचं दुकान आहे, सोबत ऑनलाइन फॉर्म, सातबारा, पीक विमा हे पण चालतं. चार पीसी आहेत, दोन इंटेलच्या सहाव्या जनरेशनचे (प्रोसेसरची पिढी) आय थ्री, एक सातव्या जनरेशनचा आय फाइव्ह आणि एक त्याहून म्हातारा, तो फक्त बिलाला. सगळ्यांत एसएसडी आणि 8 जीबी रॅम टाकलीये, डिझाइनचं कोरल मस्त चालतं, कुठं अडत नाही. पण 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट संपला आणि 11 टाकायला गेलं तर म्हणतं तुमचा प्रोसेसर चालत नाही. हार्डवेअरवाला म्हणतो चारही बदला, जुने एक्स्चेंजमध्ये घेतो, आणि त्याने जो आकडा सांगितला त्यात माझा पत्रिकेचा आख्खा सीझन जातो भो.
मशीन माझी, पैसे मी दिले, बिघाड काही नाही, मग तिकडे अमेरिकेत कोणी तारीख ठरवली म्हणून मी का बदलू? आणि आखाजीपर्यंत (अक्षय तृतीया) लग्नसराई आहे, मध्ये दुकान बंद ठेवून प्रयोग करायला जमणार नाही. विंडोजच्या जागी ते फुकटचं लिनक्स टाका लिनक्स टाका म्हणणारे भरपूर भेटले, पण लिनक्सवर पत्रिका केलेला एक पण माणूस अजून भेटला नाही. काय करानं आते भाऊ?

पाचोरा_ते_हिंजवडी:
आधी घाबरणं बंद करा. सपोर्ट संपला म्हणजे पीसी बंद पडत नाही, सुरक्षेचे पॅच, म्हणजे भोकं बुजवणारे छोटे अपडेट, यायचे थांबतात एवढंच. पण एवढंच म्हणजे किती ते पण सांगतो. मे 2017 मध्ये वॉनाक्राय आलं होतं आठवतं का, फायली लॉक करून पैसे मागायचं. त्याचा पॅच मार्चमध्येच आला होता, ज्यांनी टाकला नाही ते अडकले. जुन्या विंडोज एक्सपीचा सपोर्ट तर 2014 लाच संपलेला, तरी प्रकरण इतकं वाढलं की शेवटी एक्सपीला पण वेगळा पॅच द्यावा लागला. दरवेळी असा देतील याच्यावर दुकान चालवू नका, तुमच्याकडे लोकांचे आधार आणि बँक पासबुक येतात.
घरगुती वापराला 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत जादा पॅचची सोय आहे. मायक्रोसॉफ्टचं अकाउंट टाकून सेटिंगचा बॅकअप चालू केला तर फुकट, नाहीतर 30 डॉलर. धंद्याच्या पीसीला नियमाने वेगळा भाव, पहिल्या वर्षी एका मशीनला 61 डॉलर, पुढच्या वर्षी दुप्पट, तिसऱ्या वर्षी त्याच्या दुप्पट. म्हणजे तीन वर्षांचे 427 डॉलर, तेवढ्यात सेकंडहँड आठव्या-नवव्या जनरेशनचा पीसी येऊन वर पैसे उरतील.
आता न आवडणारी गोष्ट. 29 जुलै 2015 ला आलेल्या सॉफ्टवेअरला दहा वर्षं दर महिन्याला पॅच मिळाले, वर एक पैसा न घेता. पॅच झाडाला लागत नाहीत, त्यामागे माणसं बसलेली असतात आणि त्यांना पगार लागतो. आपण खिशातला अँड्रॉइड तीन-चार वर्षांत टाकून देतो, त्याचे अपडेट कधी बंद झाले ते कोणाला माहिती पण नसतं, तिथं कोणी धागा काढत नाही. पीसीलाच काय ती लूट दिसते.

खटपट्या_धुळे:
दहा वर्षं दहा वर्षं काय लावलंय दादा. दहा वर्षं लाँचपासून मोजता, माझ्या बिलाच्या तारखेपासून मोजा ना. ज्याने 2018 ला सातव्या जनरेशनचा पीसी दुकानातून सीलबंद घेतला त्याला सातच मिळाली, आणि घेताना कोणी सांगितलं होतं का की याला पुढचं विंडोज चालणार नाही? कंपनीला तरी तेव्हा माहिती होतं का, अकरा तर ऑक्टोबर 2021 ला आलं.
आणि ते टीपीएम टीपीएम करतात ना, चिप पाहिजे सुरक्षेला म्हणून, तर सहाव्या जनरेशनच्या बऱ्याच प्रोसेसरमध्ये टीपीएम 2.0 आतच आहे, बायोसमध्ये, म्हणजे पीसी चालू होतानाच्या सेटिंगमध्ये, जाऊन चालू करायचं फक्त. तरी नाही म्हणतं. कारण प्रोसेसरची यादी केलीये आणि इंटेलची रेघ बहुतेक आठव्या जनरेशनला मारलीये.
अजून एक ऐका. एटीएम, कारखान्याची मशीन असल्या कामासाठी विंडोज 10 चीच एक आयओटी एलटीएससी आवृत्ती आहे, तिला जानेवारी 2032 पर्यंत पॅच आहेत. म्हणजे पॅच करणारी माणसं बसलेलीच आहेत, पगार चालूच आहे, फक्त तो पॅच अमळनेरच्या दुकानदाराला द्यायचा नाही. ज्या कंपनीचा 2025 च्या आर्थिक वर्षाचा नफा 100 अब्ज डॉलरच्या वर गेला तिच्या पगाराची काळजी आपण खान्देशात बसून कशाला करायची भो?
लिनक्स मिंट टाका, लिनक्सचाच सोपा प्रकार. चार जीबी रॅमवर पळतं. केरळच्या सरकारी शाळांत पोरं वर्षानुवर्षं लिनक्सवरच शिकतात, त्यांचं काही अडलं नाही. आपल्याकडे एमएस-सीआयटीपासूनच कॉम्प्युटर म्हणजे विंडोज असं डोक्यात बसलं, म्हणून हात घाबरतो.

टॅलीवाली_भुसावळ:
केरळात पोरं शिकतात, इथं दादांना उद्या सकाळी पत्रिका द्यायची आहे. फरक समजून घ्या ना भाऊ.
मी चार-पाच व्यापाऱ्यांची खाती लिहिते, केळीवाले, डाळ मिलवाले. हिशेबाचं टॅली विंडोजवरच चालतं, लिनक्सवर काहीतरी जुगाड करून चालवतात म्हणे, पण रिटर्नच्या आदल्या रात्री मला जुगाड नको. त्यामुळे मी सरळ वाटणी केली. बँक, जीएसटी, ईमेल हे सगळं एकाच नव्या मशीनवर, तिला पॅच चालू. जुन्या मशीनवर जुनं काम, तिची इंटरनेटची वायर काढलेली. विहिरीला कठडा नाही म्हणून कोणी विहीर बुजवत नाही, पोरांना तिकडे जाऊ देत नाहीत. फक्त पेनड्राइव्ह सांभाळा. गिऱ्हाईक जो पेनड्राइव्ह आणतं ना, तो आधी दुसरीकडे स्कॅन केल्याशिवाय कोरलच्या मशीनला लावायचा नाही, नाहीतर वायर काढून उपयोग शून्य.
आणि सगळे मशीन माझी मशीन माझी करताय तर विचारते हं, राग मानू नका, त्या चार पीसीतल्या किती विंडोजचं बिल आहे? असेंबल पीसीसोबत फुकट टाकून दिलेलं विंडोज असेल तर सपोर्ट बंद झाला अशी तक्रार कोणाकडे करणार? आमच्या बाजारात विचारलं तर अर्धे लोक पाणी प्यायला उठून जातील.

बॅनरवाला_अमळनेर:
ताई दोनचं बिल आहे, बाकीचं नका विचारू 😄
वाटणीची आयडिया पटली. थंबचं (अंगठा घ्यायचं) मशीन आणि फॉर्मचं काम नव्या पीसीवर नेतो. पण कोरलचं काय? आणि खटपट्या भाऊ, तुम्ही पत्रिकेवर एक अक्षर बोलले नाहीत.

लिपीकार_जळगाव:
पत्रिकेवर मी बोलतो, हयात त्यातच गेली. तुम्ही सगळे मायक्रोसॉफ्टवर भांडताय पण बॅनरवाल्या भाऊंना बांधून ठेवलंय ते विंडोजने नाही, फॉन्टने.
तुमच्या जुन्या पत्रिका कशात आहेत? श्रीलिपी, कृतिदेव नाहीतर आयएसएमचे फॉन्ट, आणि त्यातलं जे जुनं आहे ते युनिकोड, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरवर सारखं चालणारं, नाही. त्या फाइलीत खरं मराठी नाहीच, आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं आहेत आणि फॉन्ट त्यांच्यावर देवनागरीचा चेहरा चढवतो. फॉन्ट काढा, सगळा खिचडा. त्यात काही सॉफ्टवेअरला यूएसबी लॉक, म्हणजे पेनड्राइव्हसारखी किल्ली, ते लॉक गेलं की वीस वर्षांचं काम डोळ्यासमोर असून हात लावता येत नाही. हे मी एका ओळखीच्या प्रेसमध्ये बघितलंय, बिचारा पत्रिका परत टाइप करत बसला होता, आणि त्याची मशीन एकदम नवी होती बरं का. पानं लावायच्या पेजमेकरवाल्यांचं तर विचारूच नका, त्याची शेवटची मोठी आवृत्ती 2001 ची, अजून आपल्या जिल्ह्यात त्यात पुस्तकं लागतात.
म्हणून लिनक्स का विंडोज हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न तुमचं मराठी तुमचं आहे का. आजपासून नवीन प्रत्येक पत्रिका युनिकोडमध्ये करा, कोरलमध्येच करा, घाई नाही. मुक्त, बालू हे फॉन्ट फुकट आहेत, कायदेशीर फुकट, मुंबईच्या एक टाइपवाल्यांनी केलेले, आणि दिसायला चांगले आहेत. मग तीच अक्षरं डिझाइनच्या फुकट इंकस्केपमध्ये उघडतील, पानं लावायच्या फुकट स्क्रायबसमध्ये उघडतील, उद्या अजून कशात तरी उघडतील.
लिनक्सवर पत्रिका होते का, तर होते, मी केल्यात. पण खरं सांगतो, इंकस्केप छपाईच्या चार रंगांत कच्चं आहे, डिझाइन तिथं करून शेवटची पीडीएफ स्क्रायबसमधून काढावी लागते. कोरलच्या फायली इंकस्केप उघडतं पण सगळ्या नाही आणि जशाच्या तशा तर नाहीच. आणि प्रिंटर. आपल्याकडे गल्लोगल्ली एक छोटा लेझर प्रिंटर आहे ना, त्याचा लिनक्स ड्रायव्हर बसवण्यात माझा आख्खा रविवार गेला, बायको जेवायला बोलावून बोलावून थकली.

पाचोरा_ते_हिंजवडी:
हेच म्हणतोय मी, फुकट सॉफ्टवेअर फुकट नसतं, तुमचा रविवार घेतं. रविवारचा भाव लावा की मग कळेल स्वस्त काय ते.

खटपट्या_धुळे:
आणि विंडोज अपडेट होताना जी सोमवारची सकाळ जाते तिचा भाव पण लावा.
आयबीएम 1970 च्या दशकाच्या शेवटी भारत सोडून गेली, तेव्हा पण सगळे म्हणत होते आता कसं होणार. झालं ना? त्या रिकाम्या जागेत एचसीएल, विप्रो उभ्या राहिल्या. मोठी कंपनी गेली की आभाळ कोसळत नाही, जागा होते.

पाचोरा_ते_हिंजवडी:
आणि त्या काळात एक कॉम्प्युटर घ्यायला बँकांना पण दहादा विचार करावा लागायचा ते सोयीने विसरले. तुमच्या आवडत्या रिकाम्या जागेचं बिल गिऱ्हाइकानेच भरलं.

बॅनरवाला_अमळनेर:
विप्रोचं नाव काढलं म्हणून बोलतो, ती तर आमच्याच गावची. 1945 ला इथं वनस्पती तुपाचा कारखाना काढला त्याचीच विप्रो झाली, सॉफ्टवेअर-बिफ्टवेअर नंतर आलं. अझीम प्रेमजींनी 1966 ला हातात घेतली तेव्हा तेल-तूपच होतं. गावात ज्यांनी तेव्हाचे शेअर धरून ठेवले ते कुठल्या कुठं गेले. त्यातलेच एक काका पत्रिका छापायला येतात आणि शंभर पत्रिकेमागं पन्नास रुपयांसाठी अर्धा तास घासाघीस करतात, मला राग पण येत नाही, कौतुकच वाटतं. आमचं मात्र उलटं झालं. त्यांनी कंपनीचा कागद घेतला आणि गप्प बसले, आम्ही कंपन्यांचा माल घेत बसलो, दर पाच वर्षांनी नवा पीसी, आता तर फोटोशॉपला पण भाडं. अडोबीने 2013 पासून फोटोशॉपच्या नव्या आवृत्त्यांना एकदा घ्या आणि कायम वापरा हे बंदच करून टाकलं. माझ्या आजोबांची ट्रेडल छपाई मशीन अजून मागच्या खोलीत आहे, तिला कोणी तारीख दिली नव्हती.

टॅलीवाली_भुसावळ:
आजोबांच्या मशीनवर चार रंगात नवरा-नवरीचा फोटो येत होता का पण?

बॅनरवाला_अमळनेर:
😂 नाही ताई, तिथं हरलो.
बरं ठरलं असं. एक सेकंडहँड आठव्या जनरेशनचा घेतो फॉर्म आणि बँकेसाठी. कोरलच्या दोन मशीनची वायर काढतो, सीझन तसाच काढतो. बिलाच्या म्हाताऱ्यावर मिंट टाकून बघतो, टॅली नाहीये त्याच्यावर, नुसतं एक्सेलसारखं काम आहे. हार्डवेअरवाल्याला एकच पीसी सांगितला तर तोंड पाडून बसला. लिपीकार दादा, जुन्या फायलींचं सांगा ना, हजारभर तरी असतील, सगळ्या युनिकोड करत बसू का?

लिपीकार_जळगाव:
सगळ्या अजिबात करू नका. लग्न होऊन गेलेल्या पत्रिका परत कोणी मागत नाही. ज्या डिझाइन गिऱ्हाईक बोट दाखवून परत मागतं त्या वीस-पंचवीस काढा, तेवढ्याच करा. बाकीच्या, लॉक आणि फॉन्ट चालू आहेत तोवर, अक्षरांचे कर्व्ह (म्हणजे नुसते आकार) करून पीडीएफ काढून ठेवा. बदल करता येणार नाही पण छापता येईल, आणि मूळ फाइल पण बाजूला राहू द्या.
कन्व्हर्टर मिळतात, मजकूर टाकला की युनिकोड करून देतात, पण डोळे झाकून छापायला देऊ नका. रफार आणि पहिली वेलांटी बऱ्याचदा भलतीकडे जाऊन बसते आणि ऱ्ह तर हमखास फुटतो. कुऱ्हे पानाचेवाल्यांची पत्रिका असेल तर गावाचं नाव हातानेच टाइप करा, आणि समस्त वऱ्हाडी मंडळी ही ओळ तर प्रत्येक पत्रिकेत तपासा. किलबिलमध्ये पोरांची नावं असतात तिथं पण बघा, त्यातलं एक चुकलं तरी मामा दुकानात येतो भांडायला.