मदत हवी आहे: सोरायसिस + सांधेदुखी, एमआरआय की सोनोग्राफी?

नमस्कार मंडळी. माझ्या नवऱ्याला बऱ्याच वर्षांपासून सोरायसिस आहे. आता उजव्या पायाचं एक बोट मुळापासून टोकापर्यंत सुजलंय, बूटच चढत नाही. सकाळी टाच टेकवत नाही, नखांवर बारीक खड्डे. आरए फॅक्टर (संधिवातासाठीची रक्ततपासणी) निगेटिव्ह, युरिक ॲसिड नॉर्मल, एक्स-रे साफ. तेवढ्यावर हाडांच्या डॉक्टरांनी "काही नाही, वजन कमी करा" म्हणून वाटेला लावलं!

संधिवाततज्ज्ञ म्हणतात, सोरायटिक आर्थ्रायटिसमध्ये (सोरायसिससोबत येणारा संधिवात) सुरुवातीला एक्स-रे साफ येऊ शकतो. हाड झिजलेलं किंवा नवं वाढलेलं दिसायला वेळ लागतो. पॉवर डॉप्लर सोनोग्राफीत (रक्तप्रवाहही दाखवणारी) टेंडन, म्हणजे स्नायूची दोरी, हाडाला चिकटतो तिथली सूज दिसते, एमआरआयमध्ये हाडाच्या आतलीही. मला हे पटतंय.

पाऊल आणि टाचेसाठी आधी सोनोग्राफी पुरते का? कंबरही सकाळी आखडते, तर सॅक्रोइलियाक सांध्यांचा (कंबरेखाली मणका आणि कटीचं हाड जुळतं तिथले) एमआरआय लगेच करून घ्यावा का? कॉन्ट्रास्ट (शिरेतून देतात ते औषध) लागतो का? वेदनाशामक गोळ्या चालू असताना सूज कमी दिसते म्हणतात, त्याबद्दल इथल्या डॉक्टरांनी सांगावं. आणि पुण्यात सांध्यांची सोनोग्राफी नीट करणारं कुणी माहीत आहे का? पोटाची करणारे गल्लोगल्ली आहेत.