रोजच्या वापरात जुना फिल्म कॅमेरा खरोखर किती टिकतो?

कर्जतकर :
वडिलांनी १९८६ साली घेतलेला निकॉन एफएम२ गेली पंधरा वर्षे चामड्याच्या पेटीसह कपाटात पडून आहे. आता तो रोज वापरायचा विचार आहे. रोज म्हणजे लोकलच्या गर्दीत पाठीवरच्या पिशवीतून, आणि सुटीच्या दिवशी सह्याद्रीत, अगदी पावसाळ्यातही. जुने धातूचे कॅमेरे दगडासारखे असतात असे सगळेच सांगतात, परंतु त्यात सत्य किती आणि जुन्याविषयीचा जिव्हाळा किती, हे मला समजून घ्यायचे आहे. एक मित्र त्याचा कॅनन एई-१ स्वस्तात द्यायला तयार आहे. तो धकाधकीसाठी घ्यावा आणि वडिलांचा कॅमेरा जपून ठेवावा का?

जुना रोल :
तालुक्याच्या वृत्तपत्रासाठी मी बरीच वर्षे एफएम२ वापरला, त्यामुळे माझे मत थोडे पक्षपाती आहे हे आधीच सांगतो. डॉन मॅकलिन या युद्धछायाचित्रकाराच्या निकॉन एफने बंदुकीची गोळी अडवली, ही हकीकत खरी असली तरी आपल्या कामाची नाही, कारण लोकलमध्ये कॅमेऱ्याला गोळी लागत नाही, कोपर लागते.

एफएम२चे खरे बळ त्याच्या रचनेत आहे. १९८२ साली आलेल्या या कॅमेऱ्याचे शटर (फिल्मवर क्षणभर प्रकाश पडू देणारा पडदा) सेकंदाच्या चार हजाराव्या भागापर्यंतच्या सर्व वेगांना पूर्णपणे यांत्रिक पद्धतीने चालते. दोन लहान सेल केवळ प्रकाशमापकासाठी असतात, त्यामुळे ते संपले तरी रोल अर्धवट राहत नाही. स्वच्छ उन्हात ४०० आयएसओची (आयएसओ म्हणजे फिल्मची प्रकाशसंवेदनशीलता) फिल्म असेल तर लेन्सचे छिद्र एफ/१६ आणि शटरचा वेग १/५०० सेकंद धरून अंदाजाने काम भागते. शिवाय फिल्म पुढे सरकवण्याचा लिव्हर आत दाबून ठेवला की शटरचे बटण अडते. पिशवीत दाबले जाऊन एखादी फ्रेम वाया जाण्याचा प्रश्न त्यामुळे उरत नाही. (डाव्या डोळ्याने पाहणाऱ्यांच्या कपाळाला तोच लिव्हर टोचतो, ही गोष्ट वेगळी.)

माझा कॅमेरा एकदा चालत्या मोटारसायकलवरून पडला. लेन्सच्या पुढची कडी वाकली आणि फिल्टर कायमचा अडकून बसला, परंतु शटर चालू राहिले. याउलट एका सहकाऱ्याचा अगदी तसाच कॅमेरा रोल भरताना अंगठा शटरच्या पात्यांना लागल्यामुळे बंद पडला. तुमच्या कॅमेऱ्यातील पाती त्या काळच्या पद्धतीप्रमाणे टायटॅनियमची असावीत (१९८९च्या सुमारास ती ॲल्युमिनियमची झाली), पण धातू कोणताही असो, ती कागदासारखी पातळ असतात. बाहेरून दगड आणि आत फुलपाखरू, अशी ही वस्तू आहे. आणि पावसाचे म्हणाल, तर पाणी अडवणारी रबरी सांधपट्टी तिला नाही. भिजल्यास सेल काढून घ्यावेत, कोरड्या कापडाने पुसावे आणि सावलीत वाऱ्याला ठेवावे. उन्हात किंवा चुलीजवळ ठेवू नये.

रत्नागिरीची सावली :
वरील मताशी मी सहमत आहे, मात्र तुमच्या कॅमेऱ्याला गर्दीपेक्षा त्या पंधरा वर्षांनी अधिक इजा केलेली असण्याची शक्यता आहे. आमच्याकडे कोकणात मी जितके कॅमेरे मेलेले पाहिले, त्यांतले बहुतेक पडून नव्हे, तर पडून राहून मेले. चामड्याची पेटी ओल धरून ठेवते आणि लेन्सच्या काचांवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी चढते. ती फार काळ राहिली तर काचेवरचा लेप खाते, आणि मग साफ करूनही डाग जात नाहीत. लेन्सचे छिद्र पूर्ण उघडून मागच्या बाजूने विजेरीचा झोत टाकून पाहा.

त्यानंतर मागचे झाकण उघडून कडेच्या खाचांतील काळा फोम तपासा. काही वर्षांनी तो डांबरासारखा चिकट होतो, प्रकाश आत शिरतो आणि फोटोंवर तांबूस पट्टे उमटतात. आतल्या आरशाच्या वरच्या फोमचे तुकडे तर दृश्यपटलावर (डोळा लावून पाहतो तेव्हा ज्यावर चित्र दिसते त्या काचेवर) पडतात. हा फोम बदलणे हे घरी जमण्याजोगे काम आहे, फक्त आरशाला हात लावू नका. पेटी मात्र टाकून द्या आणि कॅमेरा हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. जेल ओले झाले की कढईत मंद आचेवर परतून पुन्हा वापरता येते.

पेंटॅक्सप्रेमी :
एई-१बद्दल थोडेसे. १९७६चा हा कॅमेरा चांगला आहे, पण त्याचे शटर विजेवर चालते, म्हणजे सहा व्होल्टचा सेल संपला की तो निव्वळ वजन. सेलच्या कप्प्याचे प्लॅस्टिकचे झाकण तुटणे ही त्याची नेहमीची तक्रार आहे. धकाधकीसाठी दुसरा कॅमेरा घ्यायचाच असेल तर त्याच वर्षी आलेला पेंटॅक्स के१००० पाहा. त्यात बिघडण्याजोगे फारसे काही नाहीच. मात्र प्रकाशमापक बंद करण्याचे बटणही नाही, म्हणून लेन्सवर झाकण ठेवायला विसरू नका, नाहीतर सेल उतरतो.

कर्जतकर :
सर्वांचे आभार. काल रात्री सांगितल्याप्रमाणे तपासणी केली. फोमला काडी लावताच ती काळी होऊन बाहेर आली. लेन्समध्ये कडेला बुरशीचा एक धागा दिसतो, मधला भाग स्वच्छ आहे. एक सेकंदाचा वेग घड्याळाशी ताडून पाहिला, तर पहिल्या चार वेळा शटर मध्येच अडकले आणि पाचव्या वेळेपासून नीट चालू लागले.

जुना रोल :
आतले वंगण घट्ट झाले आहे. पहिला रोल भरण्यापूर्वी तेवढी साफसफाई जाणकाराकडून करून घ्या. तेल मात्र स्वतः सोडू नका, ते पात्यांवर पसरते.