मोडी हस्तलिखितात शब्द कुठे तोडायचा? मदत हवी आहे

वय ५८, तीन महिन्यांपासून मोडी शिकते आहे. घरात १८९० च्या सुमाराची खरेदीखतं आहेत. ती स्वतःच वाचायची आहेत, तेव्हा जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्या हा सल्ला नको. बाराखडी पाठ आहे, छापील उतारे बऱ्यापैकी जमतात. घोडं अडतं हस्ताक्षरापाशी. आधी ओळभर रेघ, खाली हात न उचलता लिहिलेलं, शब्दांत जागाच नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही नाही (शाळेत ही चैन असती तर!). 'मौजे', 'तालुके' ओळखू येतात, मधला सगळा गुंता. जवळपास वर्ग नाही, फोटो मोठे करूनही पाहिले. अशा दस्तांतली ठरावीक वाक्यं आधी पाठ करावीत, की अक्षर अक्षर सोडवत जावं?