बॉनहॅम ऐकल्यावर आजची गाणी निर्जीव का वाटतात?

ठेकावेडा:
गेले तीन आठवडे लेड झेपलिन या इंग्लिश रॉक बँडच्या ड्रमर जॉन बॉनहॅमशिवाय दुसरं काही ऐकवतच नाहीये. 1969 च्या पहिल्या अल्बमपासून सुरुवात केली आणि पहिल्याच गाण्यात किकवर (पायाने वाजवायचा मोठा बास ड्रम) ते ट्रिपलेट्स, म्हणजे तिनाच्या गटातले झपाट्याचे ठोके, ऐकून मी धरूनच चाललो होतो की दोन बास ड्रम असणार, नंतर कळलं की एकच ड्रम, एकच पेडल, एकच पाय! आणि नुसता वेग नाही हो, ठेका जरासा मागे रेलून बसलेला असतो त्यामुळे अख्खं गाणं डुलतं. यानंतर नवीन चार्टवरची गाणी लावली तर प्रत्येक ठोका सारखाच, कॉपी-पेस्ट केल्यासारखा. हे तंत्रामुळे झालंय की पैशामुळे? जाणकारांनी सांगा, मनापासून विचारतोय.

रात्रपाळी:
दोन्हीमुळे. मी रेकॉर्डिंगच्या एडिटिंगचं काम करतो म्हणून सांगतो, ड्रमर क्लिक (कानात वाजणारी मेट्रोनोमची टिकटिक) लावून वाजवतो, नंतर त्याचा एकेक ठोका ओढून ग्रिडवर, म्हणजे स्क्रीनवरच्या समान अंतराच्या रेघांवर, बसवायचा, स्नेअरचा आवाज कमी-जास्त असेल तर तिथे तयार सॅम्पल (आधीच रेकॉर्ड केलेला ठोका) टाकायचं. हल्लीच एका पोराने असला टेक दिला होता की कोरसमध्ये शिरताना तो किंचित पुढे गेला आणि माझ्या अंगावर काटा आला. वरून निरोप आला, सरळ कर. केलं सरळ. परत ऐकलं तर त्या जागेचा जीवच गेलेला, आणि स्नेअरवरची ती हलकी हलकी, जेमतेम ऐकू येणारी कुजबुज (घोस्ट नोट्स म्हणतात त्यांना) तीही साफ झालेली. वाईट वाटलं खूप. त्यात स्पॉटिफायवर 30 सेकंद वाजलं की एक प्ले धरतात, म्हणजे गाणं हळूहळू फुलवायला कोणाला वेळच नाही, हूक (लगेच डोक्यात बसणारा तुकडा) आधी पाहिजे.

तालमणी:
थोडा विरोध नोंदवतो. यंत्राला दोष देऊ नका. हिप-हॉप निर्माता जे डिला ऐका, त्याने एमपीसी या सॅम्पल वाजवणाऱ्या मशीनवर हाताने पॅड बडवले आणि मशीनमधून अशी लडखडती लय काढली की आज खरे ड्रमर ती वाजवायला शिकतात. आणि झेपलिनचे रेकॉर्डही बक्कळ खपलेच की. पैसा तेव्हाही होता. फरक एवढाच की ब्रिटनमध्ये त्यांनी आपल्या काळात सिंगल्स (एकेक गाण्याच्या सुट्या रेकॉर्ड) काढू दिले नाहीत, अल्बम अख्खा ऐका म्हणाले, आणि ते त्यांना जमलं कारण शब्द त्यांचा चालायचा. आज हा शब्द वादकाकडे राहिलेला नाही, माझी तक्रार तिथे आहे.

करकर:
ठेकावेडा, 1970 च्या तिसऱ्या अल्बममधलं 'सिन्स आय हॅव बीन लव्हिंग यू' हेडफोन लावून ऐक. बॉनहॅमच्या पेडलची करकर स्पष्ट ऐकू येते, तेल न घातलेल्या बिजागरीसारखी. आज कोणी ती एका मिनिटात पुसून टाकेल. मला मात्र त्या करकरीमुळे तिथे एक माणूस बसलाय, त्याचा पाय हलतोय, हे दिसतं. तसंच 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स', 1971. हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या घरात जिन्याच्या तळाशी ड्रम मांडले आणि वरून दोन माइक सोडले, तो जो घुमणारा आवाज आहे त्यात त्या घराच्या भिंती आहेत. नंतर कित्येकांनी तोच ठेका उचलून आपल्या गाण्यात घातला.

ठेकावेडा:
करकर ऐकली!! इतके दिवस ते गाणं ऐकतोय आणि कधी लक्षच गेलं नव्हतं, आता तीच आधी ऐकू येते. रात्रपाळी, तो मूळ टेक जपून ठेवलाय ना? पुसू नका प्लीज. तालमणी, तुमचा शब्दाचा मुद्दा पटला, मी उगाच सगळं मशीनवर ढकलत होतो. डिलाचं कुठून सुरू करू?

तालमणी:
2006 चा 'डोनट्स'. एका बैठकीत ऐका, मध्ये थांबू नका.